मुंबई (आरमारी तळ)

मुंबई (आरमारी तळ) : पोर्तुगालने इंग्लंडला आंदण दिलेले आणि पुढे अरबी समुद्रावरील इंग्रज आरमाराचे मुख्य ठाणे झालेले बेट.

23 जून 1661 च्या विवाहकरारान्वये पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन हिच्याबरोबर हे बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे आले. आले ते फक्त कागदावर. 1662 मध्ये सर एब्रहाम शिपमन फौज घेऊन पोहोचला, तेव्हा आंदणात नेमके काय काय मोडते यावरून वाद पडला आणि पोर्तुगिजांनी ताबा देण्यास नकार दिला. फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरली. तेथे रोगराईने बहुतेक शिपाई आणि खुद्द शिपमनही दगावला. उरल्यासुरल्यांना घेऊन हम्फ्रे कुकने फेब्रुवारी 1665 मध्ये एकदाचा ताबा मिळवला. राजाला मात्र हे बेट पोसणे परवडेना. 1668 मध्ये त्याने ते वार्षिक 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात घातले.

सुरतेत कंपनी मोगलांच्या मर्जीवर होती. मुंबईत जमीन स्वतःची आणि बंदर खोल, आडोशाचे. 1687 मध्ये कंपनीचा पश्चिम किनाऱ्यावरचा मुख्य कारभार मुंबईस हलला. तरीही मुंबईला तळ म्हणणे धाडसाचेच होते. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी बंदराच्या तोंडाशी खांदेरीचा किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी गलबते पाठवून पाहिली, पण किल्ला उभा राहिलाच. 1689 मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान थेट मुंबईत उतरला. 1718 मध्ये खांदेरीवर आणि 1721 मध्ये पोर्तुगिजांसह अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चाल करून इंग्रजांनी मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांपुढे हातच टेकले.

मुंबईचा खरा तळ केला तो गोदीने. 1736 मध्ये कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी जहाजबांधणी कारागिराला आणले आणि 1750 मध्ये पहिली सुकी गोदी बांधून झाली. समुद्रात सतत राहिलेल्या लाकडी जहाजाचा तळ किड्यांनी पोखरला जातो, शिंपल्यांनी जड होतो. तो उघडा करून दुरुस्त केल्यावाचून आरमार फार काळ टिकत नाही. मुंबईची भरती-ओहोटी मोठी असल्याने काम सोपे झाले. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की दरवाजा बंद. त्यात मलबारचे सागवान आले. इंग्लंडच्या ओकपेक्षा ते या पाण्यात जास्त टिके. 1756 मध्ये ॲडमिरल वॉटसनचे आरमार मुंबईहूनच विजयदुर्गावर गेले आणि आंग्र्यांचा काफिला जळाला. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध इंग्रजांचा हात पेशव्यांनीच धरला होता, ही त्यातली बोचरी बाब. वाडियांच्या हाताखाली पुढे ब्रिटिश नौदलासाठीही जहाजे बांधली गेली. 1813 मध्ये येथे पाण्यात उतरवलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवरच 1842 चा चीनशी नानकिंगचा तह झाला आणि त्यात हाँगकाँग इंग्रजांकडे गेले.

वाफ आली तशी गरज बदलली. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 1830 मध्ये सुएझला निघाली. वाटेत कोळशासाठी तिला एडनला थांबावे लागले. एवढ्या लांबच्या वाटेवर कोळशाचा हक्काचा साठा हवा होता. जानेवारी 1839 मध्ये मुंबईहून गेलेल्या तुकडीने एडन घेतले. आंदणात आलेल्या तळाने आता स्वतःच दुसरा तळ जिंकला होता. 1932 पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले.