पडणं, मार आणि हाडवैद्य : कँटोनीजमधला एक शब्द

हाँगकाँगमध्ये पाय मुरगळला की माणूस म्हणतो, 'थै दित दा', म्हणजे 'दित दा'ला दाखवून येतो. दित म्हणजे पडणं, दा म्हणजे मार. आपण 'हाडवैद्य' म्हणतो तेव्हा नाव हाडावरून येतं. कँटोनीज माणूस अपघाताचं नाव घेतो. हा फरक लक्षात ठेवू या.

मार कोणाला लागायचा? कष्टकऱ्यांना आणि मर्दानी खेळ शिकणाऱ्यांना. त्यामुळे उस्तादच अनेकदा वैद्य असे. पुढे चित्रपटांमुळे गाजलेले वाँग फेइ-हुंग हे दोन्ही होते. ग्वांगझूमधला त्यांचा 'पो ची लाम' दवाखाना 1924 च्या दंगलीत जळाला.

आता दुखण्याचे शब्द पाहू. घोटा मुरगळला तर 'आउ छाय' : आउ म्हणजे वाकवणं, छाय म्हणजे सरपण. सांधा निखळला तर 'लत गाउ', सांधा सुटला. मोडलेलं हाड जोडणं म्हणजे 'बोक ग्वत'. ही भाषा पोथीतली नाही. ज्याला दुखतंय त्याच्या तोंडची आहे. उपचारामागची कल्पनाही एका शब्दात सापडते, 'सान यू' : साकळलेलं रक्त मोकळं करणं. म्हणून तर वनस्पती मुरवलेली दारू, 'दित दा जौ', चोळायची.

पण साध्या मुरगळीवर चोळणं वेगळं आणि हाड मोडलेलं असताना चोळणं वेगळं. वैद्य पारखायचा कसा? ब्रिटिश राजवटीत चिनी वैद्यांसाठी नोंदणीच नव्हती. पाटी लावली की दवाखाना सुरू. 1997 नंतर, 1999 मध्ये, कायदा आला. त्यात चिनी वैद्यकाच्या तीन शाखा मानल्या : सामान्य चिकित्सा, अॅक्युपंक्चर आणि अस्थिचिकित्सा. या तिसऱ्या शाखेचं कायद्यातलं चिनी नाव 'दित दा' नाही; ते 'हाड' आणि 'इजा' या दोन अक्षरांचं आहे.

म्हणजे आता नाव रोग्याच्या अनुभवावरून उठून शास्त्राच्या विषयावर आलं. नोंदणीमुळे रोग्याला संरक्षण मिळालं, हे मोलाचंच. तरी लोकांनी जुना शब्द सोडलेला नाही, कारण आपल्याला नेमकं काय झालं ते तोच सांगतो. इतिहास वाचताना आपण कायद्याच्या कागदांइतकाच अशा शब्दांनाही पुरावा मानायला हवा.