टाळेबंदीतील विद्यार्थी-संपादक

कायद्याची संशोधनपत्रिका विद्यार्थ्यांनीच संपादित करावी, ही प्रथा अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८८७ साली रुजली. बंगळुरूच्या नागरभावी परिसरातील 'नॅशनल लॉ स्कूल'मध्ये पहिली तुकडी १९८८ साली दाखल झाली आणि पुढे तेथेही हीच प्रथा स्थिरावली. 'नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया रिव्ह्यू' आणि 'सोशियो-लीगल रिव्ह्यू' ही तिचीच फळे होत.

लेखक प्राध्यापक असो वा न्यायाधीश, त्याने तळटीपेत दिलेला आधार मूळ ग्रंथाशी ताडून पाहणे हे विद्यार्थी-संपादकाचे पहिले कर्तव्य. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. न्यायनिवाडे संगणकावर मिळत होते. ग्रंथालयातील जुने ग्रंथ मात्र कपाटांतच राहिले. त्यात संपादकांची पिढी दर एक-दोन वर्षांनी बदलणारी. थोरल्यांशेजारी बसून धाकट्यांनी आत्मसात करावयाची ही विद्या आता दुरूनच सोपवावी लागली.

तरीही या पत्रिकांचे अंक निघत राहिले. शाळेच्या हस्तलिखितासाठी ज्यांनी कधीकाळी मजकूर तपासला असेल, त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगावयास नको. वय लहान असले, तरी पडताळल्यावाचून शब्द पुढे जाऊ द्यायचा नाही, ही जबाबदारी त्या विद्यार्थ्यांनी संकटकाळातही सोडली नाही.