क्लच ‘स्लिप’ होतोय की ‘फ्री’ होत नाही? पिकअपचा गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

बेळगाव : बेळगावचा भाजीपाला घेऊन जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाने गोव्यात उतरायचे आणि परतीला मासळी किंवा नारळ मिळाले तर भरल्या गाडीने तोच घाट चढायचा. अशा मार्गावरच्या पिकअपच्या क्लचला विश्रांती नसते. तो बिघडला की माल वाटेत अडकतो, भाडे बुडते आणि गॅरेजमध्ये बहुधा एकच वाक्य कानावर येते, ‘प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ पुष्कळदा ते खरेही असते. पण कधी कधी दोष प्लेटचा नसून हायड्रॉलिकच्या छोट्या रबरी सीलचा असतो. सील किट आणि पूर्ण क्लच सेट यांच्या खर्चात कित्येक पटींचा फरक आहे, मजुरी वेगळीच.

म्हणून पहिला प्रश्न एवढाच, क्लच पकडत नाही की सोडत नाही? दोन्ही तक्रारींना ‘क्लच गेला’ असेच म्हणतात, पण कारणे अगदी उलटी असतात.

पकडत नाही म्हणजे स्लिप होतो. वरच्या गिअरमध्ये चढावर रेस दिली की इंजिनचा आवाज वाढतो, गाडीचा वेग मात्र तसाच राहतो. खात्री करायची तर मोकळ्या सपाट जागेत हँडब्रेक ओढावा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, समोर कोणी उभे राहू नये. तिसरा गिअर टाकून थोडी रेस देत क्लच हळू सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच पकडतो आहे. घरघरत चालूच राहिले तर स्लिप नक्की. ही चाचणी एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केली तर उरलेली प्लेटही जळते.

सोडत नाही म्हणजे पेडल पूर्ण दाबले तरी प्लेट फ्लायव्हीलपासून सुटत नाही. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, चालू केले की पहिला अडतो आणि रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. अशा वेळी पेडल भराभर तीन-चार वेळा दाबून पाहावे. त्याने गिअर पडला तर आधी संशय प्लेटवर न घेता हायड्रॉलिकवर घ्यावा. लाइनमध्ये हवा शिरली असेल, नाहीतर वरच्या (मास्टर) किंवा खालच्या (स्लेव्ह) सिलिंडरचे सील खराब झाले असेल.

तपासणी फुकटची आहे. बॉनेट उघडून फ्लुइडची पातळी बघा. पेडलच्या वर, मास्टरचा दांडा आत जातो तिथे बोट फिरवा आणि पायाखालचे मॅट उचलून पाहा. मग गाडीखाली स्लेव्हची रबरी टोपी मागे सारा. ती ओली असेल तर गळती सापडली. बाहेर कुठेच ओल नसेल आणि पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर मास्टरचे सील आतल्या आत फ्लुइड सोडते आहे. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांचा फ्लुइडचा डबा एकच असतो. तसे असेल आणि पातळी उतरली असेल, तर ब्रेक तपासल्याशिवाय भरली गाडी घाटात उतरवू नये. भाजी एक दिवस उशिरा पोहोचली तरी चालेल.

सील बदलल्यावर हवा काढावीच लागते, आणि त्याला दोघे हवेत. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने स्लेव्हचा निपल उघडायचा. बुडबुडे आणि फ्लुइड बाहेर आले की निपल आधी बंद करायचा, मगच पेडल सोडायचे. बुडबुडे थांबेपर्यंत हेच चालू ठेवावे आणि डबा रिकामा होऊ देऊ नये. फ्लुइड मॅन्युअलमध्ये लिहिलेलेच घालावे. हाताशी आहे म्हणून इंजिन ऑइल ओतले तर सगळी रबरे फुगतात आणि वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त जातात.

स्लिपमध्ये मात्र बहुधा गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नसतो. अपवाद दोन. पेडलचा फ्री प्ले संपला असेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो, तो जुळवला की काम होते. दुसरा अपवाद सहसा लक्षात येत नाही. थंड गाडी ठीक चालते, तापली की स्लिप होते. तेव्हा मास्टरमधले परतीचे छिद्र तुंबून लाइनमध्ये दाब अडकलेला असू शकतो. स्लिप होत असतानाच निपल जरा उघडून बंद करावा. फ्लुइड जोरात उडाले आणि स्लिप थांबली, तर दोष मास्टरचा आहे.

आवाजाचेही तेच. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, आणि दाबल्यावर बंद होत असेल तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग.

गिअरबॉक्स खाली आलाच तर नुसती प्लेट बदलणे हा खोटा हिशेब. प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सोबतच बदलावे, कारण मजुरी तीच आहे. जुनी प्लेट स्वतः हातात घेऊन पाहावी. ती तेलकट असेल तर क्रँकचे मागचे सील किंवा गिअरबॉक्सचे पुढचे सील गळते आहे. ते न बदलता घातलेली नवी प्लेटही तेलात भिजणार. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर ते लेथवर देता येईल की बदलावे लागेल, हे मेकॅनिककडून आधीच ठरवून घ्यावे. प्लेट बसवताना ‘फ्लायव्हील साइड’ची खूण पाहावी आणि ती सेंटरिंगच्या दांड्यानेच मध्यावर आणावी. हाउसिंगमधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्याने पुसलेले बरे. सुट्या भागांचे पक्के बिल घ्यावे, नाहीतर पार्ट महिन्याभरात गेला तर दुकानदारापुढे दाखवायला काही नसते.

एवढे करूनही चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरण्याची सवय असेल तर नवी प्लेटही लवकर झिजते. थांबताना हँडब्रेक लावावा, चालताना पाय पेडलवर ठेवू नये. घाटात जळका वास आला तर रुंद, सपाट जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी आणि क्लच पूर्ण थंड होऊ द्यावा. त्यानंतरही स्लिप होत असेल तर माल दुसऱ्या गाडीत भरावा.