अंतोनिया

दरवर्षी आश्विनात पाऊस उघडला की गावातल्या दहा-बारा मुलींना घेऊन मी रात्री आठनंतर बाहेर पडते. जुन्या गोव्यापासून आमचं गाव फार लांब नाही. हातात बॅटरी, पायात बूट, कारण गवतात फुरसं असतं. औषधी झाडं ओळखायला दिवस बरा, हे खरंच. पण पारिजातक दिवसा भेटतो तो जमिनीवर पडलेला. उमलताना पाहायचा तर रात्रीच जायला हवं.

झाडाखाली थांबून मी त्यांना एक गोष्ट सांगते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि १५६३ साली त्याचा औषधींवरचा ग्रंथ इथेच छापला गेला. त्यात ही गोष्ट आहे. एका सरदाराची मुलगी सूर्यावर भाळली, सूर्याने तिला टाकलं, तिने जीव दिला आणि तिच्या राखेतून हे झाड उगवलं. म्हणून ते सूर्याचं तोंड पाहत नाही. देठांनी अन्नाला केशरासारखा रंग येतो, हेही ओर्ता लिहितो. मुली लगेच देठ चुरडून बोटं रंगवतात.

पुढे बांधावर निर्गुडी. पाला चुरडून हुंगायचा. सूज आली की गरम करून बांधतात, हे निम्म्या मुलींना ठाऊकच असतं. ओर्ताने तिच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलंय, ‘नेगुंदो’ या नावाने. तेच नाव आज वनस्पतिशास्त्रात आहे.

पण मला त्या ग्रंथात धरून ठेवते ती अंतोनिया. ग्रंथ संवादरूप आहे. ओर्ता आणि रुआनो नावाचा एक काल्पनिक वैद्य बोलत बसतात, आणि मधूनच हाक जाते: अंतोनिया, ते घेऊन ये. ती ओर्ताच्या घरची दासी. ती आणून दाखवते आणि पुरुष चर्चा करतात. तिला स्वतःला काय माहीत होतं, हे कुणी विचारत नाही.

धोत्रा मी शेवटी ठेवते. अंधारात त्याचं पांढरं फूल लांबून दिसतं. हात लावायचा नाही, बी तर मुळीच नाही: तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळायला लागतो, घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठायचा. ओर्ताच्या धोत्र्याच्या प्रकरणात एक मोलकरीण धावत येते: घरातल्या काळ्या दासीने मालकिणीला धोत्रा पाजला आणि दागिने घेऊन ती पळाली. म्हणजे मात्रा किती, हे त्या दासीला चांगलं ठाऊक असणार! मी हे मुलींना सांगते. सांगू नये असं काही आयांचं मत आहे. मला वाटतं, विष ओळखता न येणं जास्त धोक्याचं.

१५६७ साली क्लुसियसने ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला आणि युरोपने ओर्ता वाचला तो मुख्यतः त्यातून. क्लुसियसने संवाद काढून सरळ वर्णनं ठेवली. आटोपशीर झालं खरं. अंतोनियाला हाक मारणारं मात्र कुणी उरलं नाही.

म्हणून मुलींच्या वह्यांत मी एक रकाना वाढवलाय: हे कुणी सांगितलं? ‘आजी’ एवढं लिहिलेलं चालत नाही, नाव लागतं. गेल्या आश्विनात एकीने निर्गुडीपुढची जागा कोरी सोडली होती. आजीचं नाव तिला घरी जाऊन विचारावं लागलं.