जिन्याखालची लॅम्ब्रेटा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला, घरं रिकामी करायची तारीख लागली आणि जिन्याखालच्या स्कूटरचा विषय निघाला. सत्तावीस वर्षं ती तिथेच होती. तिच्यावर रद्दीचे गठ्ठे, रंगाचे रिकामे डबे, कुणाची तरी मोडकी छत्री. भंगारवाल्याने अडीच हजार सांगितले. बाबा म्हणाले, "देऊन टाक." आजी काहीच बोलली नाही. आणि आजी बोलली नाही की आमच्या घरात निर्णय झाला असं कुणी धरत नाही.

मी दोन महिने मागून घेतले. चालू झाली तर ठेवू, नाही झाली तर भंगारवाला आहेच. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, "इंजिनीअर आहेस ना, मग कर चालू!" मी सॉफ्टवेअरवाला. चार वर्षांच्या डिग्रीत इंजिन फक्त आकृतीत पाहिलेलं, तेही पहिल्या वर्षाच्या परीक्षेपुरतं.

धूळ पुसल्यावर पुढच्या पत्र्यावर नाव दिसलं: लॅम्ब्रेटा. आजीच्या गोदरेजच्या कपाटातून आरसी बुक निघालं. साल १९७३. आजोबांनी १९७९ मध्ये ती सेकंडहँड घेतली होती, आणि आजीच्या म्हणण्याप्रमाणे नव्या स्कूटरपेक्षा जास्त पैसे मोजून. मला वाटलं, आजी चुकतेय. ती चुकत नव्हती. कारखान्याने वर्षाला किती गाड्या बनवायच्या ते तेव्हा सरकारी परवान्यावर ठरायचं. नव्या स्कूटरसाठी नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं थांबायची. म्हणून आज मिळणारी जुनी गाडी उद्या कधीतरी मिळणाऱ्या नव्या गाडीपेक्षा महाग असायची. आजोबा भांडुपच्या एका कारखान्यात टर्नर होते. सेकंड शिफ्ट सुटल्यावर शेवटची लोकल चुकली की मुलुंडपर्यंत चालत यायचे. त्यांना थांबणं परवडणारं नव्हतं.

मला मात्र धक्का बसला तो आरसी बुकातल्या उत्पादकाच्या नावाने. लॅम्ब्रेटा म्हणजे इटली, एवढं मला इंटरनेटमुळे माहीत होतं. आमची लॅम्ब्रेटा मात्र मिलानची नव्हती. ती भांडुपची होती. आमच्या घरापासून जवळच बनलेली.

मेकॅनिक शोधायला आठवडा गेला. बहुतेकांनी नुसतं नाव ऐकूनच मान हलवली. शेवटी भांडुप स्टेशनजवळ सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री भेटले. त्यांनी पहिलाच नियम घातला, "किक मारायची नाही. आतमध्ये पिस्टन गंजून चिकटला असेल तर किकने रिंग तुटेल." त्यांनी उजवीकडचं कव्हर काढलं, प्लग उघडला आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पाहिलं. जाम. लॅम्ब्रेटाचा सिलेंडर आडवा असतो, तोंड पुढच्या चाकाकडे. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतलं, तर ते पिस्टनपर्यंत जायला हवं. म्हणून पुढचं चाक विटांवर चढवलं आणि स्कूटर पाच दिवस तशीच ठेवली. सहाव्या दिवशी फ्लायव्हील अर्धा इंच हललं. मी ऑफिसात प्रमोशन मिळाल्यावर एवढा ओरडलो नव्हतो.

कव्हरं निघाली तेव्हा खाली चेसिस दिसली: एक जाड पोलादी पाइप, हँडलपासून मागे जाणारा. मिस्त्री म्हणाले, "बजाजमध्ये हा पाइप नसतो. तिथे पत्राच चेसिस." या एका पाइपमागे सगळा इतिहास आहे. फर्डिनांडो इनोचेंती हा मुळात पाइपवाला कारखानदार. मिलानच्या कडेला लांब्राते नावाचं उपनगर आहे, तिथे त्याचा कारखाना. दुसऱ्या महायुद्धात त्यावर बॉम्ब पडले. युद्ध संपलं तेव्हा लोकांकडे मोटारीचे पैसे नव्हते आणि रस्ते उखडलेले. स्वस्त दुचाकी हवी होती. पियाजिओ कंपनी विमानं बनवायची, तिने १९४६ मध्ये विमानासारख्या दाबलेल्या पत्र्याची व्हेस्पा काढली. इनोचेंतीने १९४७ मध्ये पाइपावर उभी केलेली लॅम्ब्रेटा काढली. नाव लांब्रातेवरून. ज्याच्या हाताला जे येत होतं, त्याने ते वापरलं.

व्हेस्पा पुढे बजाजच्या मार्फत भारतात रुजली. लॅम्ब्रेटा मात्र त्याआधीच भांडुपला पोचली होती. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआय, ही कंपनी १९४९ मध्ये ब्रिटनच्या रूट्स समूहाने मुंबईत सुरू केली. नंतर ती मद्रासच्या एम. ए. चिदंबरम यांच्याकडे गेली. आयपीएलमध्ये ज्या चेपॉक स्टेडियमवर आपण पिवळ्या जर्सी बघतो, त्याला नाव आहे तेच हे चिदंबरम. १९५५ पासून एपीआयने इटलीहून आलेले भाग जोडून लॅम्ब्रेटा बनवायला सुरुवात केली, आणि हळूहळू इथेच बनलेले भाग वाढत गेले.

म्हणजे एका शहराच्या उपनगरात जन्मलेली स्कूटर दुसऱ्या शहराच्या उपनगरात रुजली. आणि ती एकटी नव्हती. लाल बहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुना आग्रा रोड, कुर्ल्याहून घाटकोपर, विक्रोळी, भांडुप करत मुलुंडला येतो. याच पट्ट्यात कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स तुरिनच्या फियाटच्या गाड्या बनवत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतून निवृत्त झालेली काळी-पिवळी पद्मिनी ही त्यांचीच. भांडुपला सिएटचा टायरचा कारखाना. सिएटही मूळची तुरिनची, १९२४ मधली, भारतात आली १९५८ मध्ये. मोटार, स्कूटर आणि टायर, तिन्हींचं मूळ गाव इटलीत आणि तिन्ही एकाच रस्त्याच्या आसपास. मी याच रस्त्यावरून रोज बसमध्ये कानात हेडफोन घालून जातो. मला त्यावर फक्त मॉल, टॉवर आणि मेट्रोचे खांब दिसले होते.

दरम्यान पेट्रोलच्या टाकीतून चहासारखं काहीतरी निघालं. आत बारीक खडी आणि डिझेल टाकून मी ती टाकी दोन रविवार हलवली. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तांब्याची बारीक तार घातली, पोलादी नाही, कारण पितळेचं भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. पॉइंट झिरो पेपरने घासले. पेट्रोलचा रबरी पाइप बदलला; आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने खराब होतं. लिटरमागे चाळीस मिली टू-टी ऑइल मिसळलं. प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवला, मिस्त्रींनी किक मारली आणि टोकाशी निळी ठिणगी उडाली.

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात नऊ किकांनंतर ती सुरू झाली. पांढऱ्या धुराने अर्धी बिल्डिंग झाकली गेली. आणि मग रेस आपोआप चढत गेली. मी मूठ बंद केली तरी चढतच गेली. मिस्त्रींनी धावत येऊन कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबला, तेव्हा ती गुदमरून बंद पडली. त्यांना कारण लगेच कळलं: क्रँकची ऑइल सील सुकली आहे. टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं. तिथे फटीतून हवा शिरली की पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन वेड्यासारखं पळतं.

सील कुठे मिळणार? मी फोनवर परदेशी साइट उघडून दाखवली. मिस्त्री हसले. "माप घे, बेअरिंगच्या दुकानात जा. सीलला गाडीचं नाव माहीत नसतं." माप घ्यायला व्हर्नियर हवा होता. बाबा वर गेले आणि फडक्यात गुंडाळलेली एक पेटी घेऊन आले. आजोबांचा व्हर्नियर. डिग्रीच्या प्रयोगवहीत मी व्हर्नियरच्या रीडिंगचं पान मित्राचं बघून उतरवलं होतं. बाबांनी सील जबड्यात धरली, डोळे बारीक केले आणि दशांशापर्यंत आकडा सांगितला. मी विचारलं, हे तुम्हाला कसं येतं? "त्यांनी शिकवलं होतं," बाबा म्हणाले. "मला कारखान्यात लावायचं होतं त्यांना. मी बँकेत गेलो. पुढे कारखानाच बंद पडला, तेव्हा म्हणाले, बरं झालं नाही आलास. त्याच महिन्यात ही जिन्याखाली लावली." एवढं बोलून ते सील घेऊन दुकानाकडे निघाले. मला पाठवलं नाही.

एपीआयचीही गोष्ट तशीच उतरणीची. इनोचेंतीने १९७१ मध्ये लॅम्ब्रेटा बनवणं बंद केलं. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीने तिची यंत्रसामग्री आणि नावाचे हक्क विकत घेऊन सगळं लखनौला आणलं. भांडुपला यंत्र राहिलं, नाव गेलं. तीच स्कूटर १९७६ नंतर 'लॅम्बी' म्हणून विकावी लागली. तिची घडण मिलानमधल्या १९५९ च्या मॉडेलची. मिलानने ती १९६२ मध्येच मागे टाकली होती. पुढे १९८० च्या दशकात जपानी तंत्राच्या शंभर सीसी मोटरसायकली आल्या, तेव्हा या स्कूटरला वाचवण्यासारखं फार उरलं नव्हतं. आमच्या गाडीवर मूळ नाव आहे, कारण ती तीन वर्षं आधी बनली. हे कळल्यावर मी त्या नावाच्या पट्टीला ब्रासो लावायचं थांबवलं. अक्षरं झिजतील अशी भीती वाटली.

नवी सील बसली. या वेळी किक बाबांनी मारली. आधी त्यांनी सवयीने स्कूटर एका बाजूला कलती केली, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "साहेब, ते बजाजचं!" तिसऱ्या किकला ती लागली आणि रेस जागेवर राहिली. आवारात तीन फेऱ्या मारल्या. आजी खिडकीत उभी होती.

आता प्रश्न कागदांचा. नोंदणीची मुदत केव्हाच संपलेली, त्यामुळे रस्त्यावर नेता येत नाही. भाड्याच्या घरी ती टेंपोत बसून गेली. दोन वाटा आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. पण मग ती रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच बाहेर काढायची. दुसरी वाट साध्या नूतनीकरणाची: तपासणी, दंड, कर आणि खेपा. मी विंटेजच्या बाजूने होतो. इतका इतिहास शोधल्यावर मला ती जपून ठेवायची होती.

आजीला विचारलं. ती म्हणाली, "ते शिफ्टला जायचे तिच्यावरून. शोभेला कशाला ठेवायची?"

साध्या नूतनीकरणाचा अर्ज भरला आहे. आधी गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. त्या फॉर्मवर सही बाबांची आहे.