डिझायनरांसाठी परदेशी कामाचे व्हिसा (अहिल्यानगर जिल्हा)

उपयोजित कला, औद्योगिक रचना, फॅशन अशा क्षेत्रांतील कुशल व्यावसायिकांना परदेशात काम करण्यासाठी मिळणारे परवाने. अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) उमेदवारापुढे देश निवडण्याआधीच प्रश्न उभा राहतो तो हातातल्या कागदाचा: पदवी की पदविका?

राज्याच्या कला संचालनालयाची जी. डी. आर्ट ही पदविका. अमेरिकेचा एच-१बी मात्र कामाशी थेट संबंधित पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता मागतो. ३ वर्षांचा अनुभव शिक्षणाच्या १ वर्षाइतका धरण्याची सोय आहे, पण कागद जमवता जमवता दमछाक होते. वर्षाला जागा ६५,०००, अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांना आणखी २०,०००. बाकी सोडतीचा खेळ. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क आले. छोट्या स्टुडिओने एवढी रक्कम भरावी, ही अपेक्षाच फोल.

अमेरिकेच्याच ओ-१बी व्हिसाला पदवी लागत नाही आणि जागांची मर्यादाही नाही. पारितोषिके, समीक्षा, नामांकित प्रकल्पांतील प्रमुख भूमिका अशा पुराव्यांवर तो सुरुवातीला ३ वर्षांपर्यंत मिळतो. अर्ज अमेरिकेतील मालकाने किंवा एजंटाने करायचा असतो.

नगरच्या एमआयडीसीतील अभियंता-डिझायनरला वेगळी वाट आहे. लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअर व्यवसाय, इथल्या कारखान्यासह, २०२० मध्ये फ्रान्सच्या श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. अशा बहुराष्ट्रीय कंपनीत सलग १ वर्ष काम केलेल्या व्यवस्थापकाला किंवा खास ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्याला कंपनी एल-१वर अमेरिकेच्या शाखेत पाठवू शकते.

जर्मनीची ओळख मराठी डिझायनरांना जुनी आहे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले सुधाकर नाडकर्णी १९६०च्या दशकात उल्मच्या प्रसिद्ध संस्थेत शिकले आणि परतून पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या उभारणीत अग्रभागी राहिले. १ जून २०२४ पासून जर्मनीत ‘चान्सनकार्ट’ मिळते: नोकरी शोधायला १ वर्ष. मूळ देशात मान्य असलेले किमान २ वर्षांचे व्यावसायिक शिक्षण, भाषा, खर्चाची तजवीज आणि ६ गुण असले की पुरते; पदवीचा हट्ट नाही.

ब्रिटनच्या ‘ग्लोबल टॅलेंट’ व्हिसाला नोकरीचे पत्र लागत नाही. ऑस्ट्रेलियात ग्राफिक व फॅशन डिझायनरांची पात्रता ‘व्हेटअसेस’ ही संस्था तपासते.

पासपोर्टसाठी अहिल्यानगर जिल्हा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो. अमेरिकी व्हिसाची मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात होते. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी सक्तीची असून ती ‘ई-मायग्रेट’वर पडताळता येते.