गाडीतलं गाणं आणि राहून गेलेला फ्यूज

"सर, हा फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आतच पाहिजे," असं तो म्हणाला आणि खरंच कोपरापासून बोटांपर्यंत हात धरून त्यानं वायर मापली. हा माझा जुना विद्यार्थी. नववीत शाळा सोडली, आता गाड्यांना स्टिरिओ बसवतो. मुलांच्या हट्टापायी मी जुन्या वॅगन-आरला अँप्लिफायर लावून घ्यायला त्याच्याकडे गेलो होतो. त्याच्या त्या वाक्यानं मला 1993 साली नेऊन सोडलं. पण आधी इतिहास सांगतो, घरचं नंतर.

गाडीतल्या रेडिओची गोष्ट बहुतेक वेळा शिकागोच्या पॉल गॅल्विनपासून सुरू करतात. घरातले बॅटरीचे रेडिओ विजेवर चालवण्याचं एक उपकरण तो आणि त्याचा भाऊ जोसेफ बनवत. पुढे थेट विजेवर चालणारे रेडिओ आले आणि या उपकरणाची गरजच संपत चालली. त्यात 1929ची मंदी. काहीतरी नवं करणं भागच होतं. विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग या दोघांच्या साथीनं गॅल्विननं स्वतःच्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि जून 1930 मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांचं अधिवेशन होतं तिथं ती गाडी घेऊन गेला. आत स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. मग दाराबाहेर गाडी उभी करून आवाज मोठा केला. ऑर्डरी मिळाल्या. मोटारीतला मोटर आणि त्या काळच्या व्हिक्ट्रोला नावाच्या ग्रामोफोनची शेपटी जोडून त्यानं रेडिओचं नाव ठेवलं मोटारोला.

त्याचीच आणखी एक गोष्ट सांगतात. कर्ज मिळावं म्हणून गॅल्विननं एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत आपल्या माणसांकडून रेडिओ बसवून दिला. अर्ध्या तासात गाडीनं पेट घेतला. कर्ज अर्थातच मिळालं नाही. ही गोष्ट बहुतेक लोक हसण्यासाठी सांगतात. मला हसू येत नाही, कारण पुढे कळेल.

हे काम त्या वेळी सोपं नव्हतंच. डॅशबोर्ड उचकटायचा, छताचं कापड फाडून आत एरियल पसरायची, पायाखालच्या फळीत बॅटऱ्यांसाठी जागा करायची. इंजिनातला प्रत्येक स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि रेडिओच्या दृष्टीनं प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं प्रक्षेपण केंद्रच, त्यामुळे गाण्याऐवजी खरखर ऐकू यायची. रेडिओची किंमत 110 ते 130 डॉलर, आणि नवी कोरी फोर्ड तेव्हा पाचशेच्या आसपास मिळत होती!

खरी अडचण होती व्होल्टची. गाडीची बॅटरी 6 व्होल्टची आणि रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हना लागायचे दोनशेच्या घरात. म्हणून सुरुवातीला वेगळ्या बॅटऱ्या. मग व्हायब्रेटर आला. धातूची एक पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरून करंट तोडायची-जोडायची आणि त्या तुटक करंटला ट्रान्सफॉर्मर वर चढवायचा. रेडिओ लावला की आधी तिची गुणगुण ऐकू येई, गाणं नंतर. 1955 मध्ये क्रायस्लरनं पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ आणला आणि ही उसाभर संपली. ट्रान्झिस्टरला बारा व्होल्ट पुरतात.

संपली असं वाटलं खरं. पुढे लोकांना मोठा आवाज हवा झाला आणि तेच गणित परत दारात उभं राहिलं. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चार ओहमच्या स्पीकरला थेट जास्तीत जास्त अठरा-वीस वॅट स्वच्छ देता येतात. खोक्यावर 50 गुणिले 4 छापलेलं असलं तरी. त्यापुढे जायचं तर व्होल्ट वाढवायलाच हवेत. सीटखालच्या अँप्लिफायरच्या डब्यात आधी नेमकं तेच होतं: बॅटरीचा करंट सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून वर चढवला जातो. म्हणजे 1930च्या दशकातली ती थरथरणारी पट्टीच, फक्त आता मुकी आणि सिलिकॉनची.

मी उर्दूचा मास्तर, त्यामुळे शब्दाकडे लक्ष जातंच. अरबीत लाऊडस्पीकरला म्हणतात मुकब्बिर अस्सौत, आवाज मोठा करणारा. आपल्याकडे मुकब्बिर म्हणजे मोठ्या जमातीत इमामाची तकबीर मागच्या सफांपर्यंत पोहोचवणारा माणूस. तो स्वतःचं काही घालत नाही. पण त्यानं चुकीचं ऐकलं तर मागच्या शेकडो माणसांची चूक होते. अँप्लिफायरचंही तसंच आहे. अर्थची वायर रंगावरच आवळली, पत्रा घासून उघडा केला नाही, तर अल्टरनेटरची शिट्टीही गाण्याइतक्याच इमानदारीनं मोठी होऊन ऐकू येते.

टेपचा इतिहास लांब आहे, तो थोडक्यात. लॉस एंजेलिसच्या अर्ल मंट्झनं 1960च्या दशकाच्या सुरुवातीला गाडीत चार ट्रॅकची काडतुसासारखी टेप आणली. ती पाहून लिअरनं, हो, त्याच लिअरनं, आठ ट्रॅकची केली आणि 1966च्या मॉडेलपासून फोर्डनं ती गाडीतच दिली. पण अखेर जिंकली फिलिप्सची 1963ची छोटी कॅसेट. आपल्याकडे गाडीत पोहोचली ती हीच, आणि कोकणात ती आली आखातातून.

आमचे मामू कुवेतला गाड्यांच्या टेपच्या दुकानात कामाला होते. 1990च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा शिरल्या आणि अम्मानमार्गे विमानानं जे 1 लाख 70 हजारांच्या आसपास भारतीय परत आले, त्यांत तेही होते. हातात एक पिशवी आणि डोक्यात वायरींचे रंग. पिवळी कायमची, लाल चावीवरची, काळी अर्थ, निळी अँप्लिफायर जागा करणारी. पांढरी-करडी पुढचे स्पीकर, हिरवी-जांभळी मागचे. चिपळूणला टपरी टाकली त्यांनी. मला हे रंग पाढ्यांसारखे पाठ झाले ते तिथेच.

अब्बांची जीप होती, चिपळूण-गुहागर वडाप. 1993च्या मे महिन्यात त्यांनी दुबईहून आलेला स्टिरिओ आणि अँप्लिफायर मामूंना बसवायला दिला. संध्याकाळी लग्नाचं भाडं होतं. मामूंनी मला पंधरा रुपये देऊन फ्यूजचा होल्डर आणायला पाठवलं. मी तेरा वर्षांचा. वाटेत क्रिकेट चालू होतं. दुकानाशी पोहोचलो तेव्हा शटर खाली होतं. "दुकान बंद होतं," एवढंच येऊन सांगितलं. अब्बा घाई करत होते. मामू म्हणाले, आजच्या दिवस चालेल.

इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून वायर घातली होती, रबरी बुश नव्हता. गुहागरच्या रस्त्यावर पत्र्यानं ती सोलली. फ्यूज असता तर तो वितळला असता आणि फार तर गाणं बंद पडलं असतं. फ्यूज अँप्लिफायरला वाचवण्यासाठी असतो असं लोकांना वाटतं, पण बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी असतो. बॅटरीतून शेकडो अँपिअर सुटले, वायर लाल झाली, मॅट पेटली. वऱ्हाडी वेळेवर उतरले, कुणाला काही झालं नाही. जीप दीड महिना उभी. अम्मीच्या बांगड्या गहाण गेल्या. अब्बा मामूंशी नऊ वर्षं बोलले नाहीत. मामूंनी कधीही सांगितलं नाही की त्यांनी मला पाठवलं होतं.

गेल्या रविवारी वॅगन-आर घेऊन मामूंकडे गेलो. गाणं त्यांनी ऐकलंच नाही. बॉनेट उघडायला लावलं, बॅटरीजवळ वाकले, होल्डरवर बोट ठेवलं. "किती अँपिअरचा?"

"चाळीस," मी म्हणालो. आणि मग त्या दिवशी दुकान बंद का होतं, ते सांगितलं.

मामूंनी बोटाला लागलेली धूळ लुंगीला पुसली. "माहीत आहे. तू परत आलास तेव्हा गुडघ्याला लाल माती होती," ते म्हणाले. "पंधरा रुपयांचं काय केलंस?"